दहावी सुई

बबडी आयुष्यात कधी कुणाशी भांडेल का, ही काळजी आईला काही केल्या सोडत नव्हती.

लोकांच्या आया मुली भांडकुदळ निघाल्या म्हणून कपाळाला हात लावतात. इथे उलटीच तऱ्हा. बसमध्ये कुणी हिच्या पायावर पाय दिला, तर 'माफ करा' म्हणणार हीच. शाळेत असताना एकदा वर्गाची काच फुटली. ही त्या दिवशी तापाने घरी झोपून होती. तरी दुसऱ्या दिवशी बाईंनी "कुणी फोडली?" म्हणून विचारलं, तेव्हा हिचा चेहरा असा काही उतरला, की बाईंनी हिलाच बाकावर उभं केलं. आणि ही उभी राहिली! घरी येऊन म्हणते, "आदल्या दिवशी मी ती खिडकी जोरात लावली होती गं. तेव्हाच तडा गेला असेल."

अशा मुलीला नोकरी कुठे लागावी, तर विमा कंपनीच्या तक्रार विभागात. कुत्र्यांची समजूत घालायला ससा नेमावा तसं झालं. दिवसभर लोक फोनवर खेकसायचे आणि ही मनापासून माफी मागायची. बाकीच्या मुली फोन ठेवला की चहाला जायच्या, ही फोन ठेवला की डोळे पुसायला जायची. काही वर्षांनी झोपेतही 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' असं बरळायला लागली, तेव्हा कुठे तिने राजीनामा दिला. राजीनाम्यातही माफी होतीच.

त्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत तिने सुई हातात घेतली. जुन्या पडद्यांची एक गोधडी शिवली. ती शेजारणीने पाहिली, मग शेजारणीच्या जावेने पाहिली, आणि बघता बघता तोच तिचा धंदा झाला. बबडी आता चौतीस वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक कपाट भरून चिंध्या आणि दोन मांजरं, एवढा तिचा संसार. मोठा राखाडी बोका हवालदार. जमिनीवर काहीही पसरलं की त्याच्या मधोमध ठाण मांडणारा. आणि धाकटी भामटी. डोकं लिंबाएवढं, पण दोरा दिसला की अंगात येणारी.

गोधडीतलं आईला फारसं कळत नव्हतं, पण बबडीचे टाके बघून तिला वाटायचं, मुंग्यांनी रांग धरलीय. हे ती लेकीला कधी म्हणाली मात्र नव्हती. म्हणायला जायची आणि तोंडातून भलतंच निघायचं. "पाठीला उशी घे." "दिवा लाव, डोळे जातील." "जेवलीस का?"

त्या दिवशी आई सकाळच्या बसने निघाली ती ठरवूनच, की आज ही गोधडी हातावेगळी करायचीच. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंच्या मुलीला बाळ झालं होतं. नर्सबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नातवाला बघायला निघणार होत्या आणि जाताना गोधडी घेऊन जाणार होत्या. याच बाईंनी रंग बदलायला लावले होते. आधी पिवळा, मग हिरवा, मग म्हणे निळाच बरा. दर वेळी बबडी म्हणाली होती, "चालेल."

"चालेल काय चालेल?" आईने दारातच तोंड सोडलं. "बजावायचं होतंस तिला, की एकदा ठरलं ते ठरलं."

"अगं, नमुने मीच दिव्याखाली दाखवले होते. रंग वेगळे दिसले असतील. ये ना आत. दार लाव पटकन, भामटी सटकेल."

आत जमिनीवर गोधडी पसरलेली होती. निळे, पांढरे, राखाडी चौकोन, आत कापसाचा पातळ थर, खाली मऊ अस्तर. तीन कडांना गोट बसला होता, चौथी कड उघडी होती. आणि मधोमध हवालदार. रस्ता करताना झाड आडवं आलं की वळसा घालतात, तशी बबडी त्याला वळसा घालून शिवत होती.

"त्याला उठव ना."

"आत्ताच झोपलाय गं."

"गेल्या आठवड्यात आले तेव्हाही हा आत्ताच झोपला होता! बाळाला गोधडी हवीय की बोक्याला?"

बबडी हसली आणि तिने बोक्याखालचं कापड हलकेच ओढून घेतलं. हवालदाराने एक डोळा उघडून आईकडे बघितलं. आईला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

बबडीच्या कामाची एक रीत होती. डबीत मोजून दहा सुया. सकाळी त्या दहाही ओवून एका लाल उशीत ओळीने टोचून ठेवायच्या, म्हणजे शिवता शिवता हात थांबत नाही. उशीवर स्टीलचा वाडगा पालथा, भामटीसाठी. आणि काम संपलं की सुया पुन्हा मोजायच्या. दहा भरल्या तरच शेवटची कड बंद करायची, नाहीतर नाही. "आत राहिली तर कुणाच्या तरी अंगाखाली जाईल," ती म्हणायची. आजवर दहा भरल्या नाहीत असं एकदाही झालं नव्हतं.

"संपलेल्या सुया मी ओवून देते," आई म्हणाली. "तू नुसती शिवत राहा. मान खाली, बोलायचं नाही."

बोलली अर्थात आईच. नर्सबाईंवर बोलली, जिन्यातल्या बंद दिव्यावर बोलली, कापसाच्या धुळीवर बोलली. एका हाताने सुई धरायची, दुसऱ्याने दोऱ्याचं टोक ओलं करून नेम धरायचा, आणि नेमक्या त्या क्षणी भामटी खालून दोऱ्याला लटकायची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा चष्माच नाकावरून उडाला.

"हाकल गं हिला! घर आहे की सर्कस?"

"तिला वाटतं तू तिच्याशी खेळतेस."

"मी माझ्या नातवंडांशी खेळायच्या वयाची आहे, मांजरांशी नाही," आई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. बबडीने मान वर केली नाही. मुंग्यांची रांग तेवढी एका टाक्यापुरती हलली.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बबडीच्या घरात आवाज नीट यायचा तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी. आई हातातली सुई-दोऱ्याची भानगड आवरत, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि आत गेली. बाबांचा फोन होता.

"अगं, ती खोबरेल तेलाची बाटली कुठे आहे?"

"अहो, जिथे कायम असते तिथे!"

"तिथे नाहीये."

"तिथे कुठे?"

"ते मला माहीत असतं तर फोन कशाला केला असता?"

बाटली न्हाणीघरात आहे हे कळायला बाबांना बराच वेळ लागला. शेगडीवर चहाचं पाणी उकळत होतं, खिडकीतून ऊन येत होतं. आईला उकडायला लागलं. तिने स्वेटर काढून गुंडाळला, दारामागच्या आपल्या पिशवीत कोंबला, आणि चहा गाळून बाहेर आली.

दुपार बरी गेली. जेवण झालं, हवालदार उन्हात सरकला, मधला भाग मोकळा झाला. ऊन कलायच्या आत शेवटची रांग पुरी झाली. आईने हात झटकले. "चल, आता तो गोट घाल आणि मोकळी हो."

"मोजते आधी."

बबडीने वाडगा उचलला. बोट ठेवून मोजलं. मग उशी उलटी केली, पुन्हा मोजलं.

"आई, नऊच आहेत."

सुरुवातीला दोघींनाही फारसं काही वाटलं नाही. सुई जाते कुठे? चटई झटकली. सोफ्याच्या फटीत हात घातला, तिथे एक पेन, एक करवंटीसारखा वाळलेला पाव आणि भामटीने लपवलेले केसांचे तीन रबर निघाले. केरसुणीची काडीन् काडी विंचरून झाली. मग बबडीने फ्रिजवरचं चुंबक काढलं, केळ्याच्या आकाराचं, आणि ते गोधडीवरून रांगेने फिरवलं. ते आपल्या जोरावर फ्रिजला जेमतेम चिकटत होतं, कापसातल्या सुईला काय ओढणार?

"माझ्याकडूनच गेली," बबडी म्हणाली. "सकाळी तू बोलत होतीस तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतंच! लक्ष सगळं त्या बोक्याकडे. किती वेळा सांगितलं, मांजरं आणि सुया एका घरात सुखाने नांदत नाहीत म्हणून."

"हो. माझंच चुकलं."

खरं तर आईला हे तीन शब्द ऐकले की डोकंच उठायचं. "दर वेळी काय गं माझंच चुकलं, माझंच चुकलं? कधी तरी म्हण ना, आई, तू गप्प बस!"

"पण तू म्हणतेस ते खरंच आहे ना."

आई धुसफुसत पलंगाखाली वाकली आणि तिला तिथे भामटी दिसली. समोर चघळून लाळेने ओला झालेला निळ्या दोऱ्याचा तुकडा. टोक तुटलेलं. सुई नाही.

आईने तो चिमटीत धरून बाहेर आणला. बबडीने बघितलं आणि ती पांढरीफटक पडली.

"गिळली," ती म्हणाली.

मग जी धावपळ झाली ती सांगायची सोय नाही. भामटीला टोपलीत घालायला दोन माणसं आणि एक टॉवेल लागला. आईच्या मनगटावर तीन ओरखडे उठले. प्राण्यांचा दवाखाना दोन रस्ते सोडून होता. बबडी टोपली छातीशी धरून पळत होती आणि आई मागून गुडघ्याला शिव्या देत चालत होती. दवाखान्यात एक रागीट पोपट, पायाला बँडेज बांधलेला एक कुत्रा आणि त्या दोघांचे हवालदिल मालक आधीच रांगेत होते. बबडीने त्या सगळ्यांची, पोपटाचीसुद्धा, माफी मागून पुढचा नंबर घेतला.

डॉक्टरीणबाई जाडजूड आणि हसतमुख होत्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. आईने नजर दुसरीकडे वळवली. बबडीने वळवली नाही.

"सुई नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटातही नाही, घशातही नाही. पण हे गोल काय आहे? चार भोकं दिसताहेत."

"बटण," बबडी म्हणाली. "शर्टाचं. चिंध्यांच्या कपाटातलं असेल."

"लहान आहे, जाईल आपसूक. दोन दिवस लक्ष ठेवा. दोरा मात्र हिच्या तोंडाला लागू देऊ नका, आणि तोंडातून लोंबताना दिसला तर ओढू नका, इकडे घेऊन या. घरात आणखी कोण आहे?"

"हवालदार. बोका आहे. पण तो काही गिळत नाही. तो नुसता बसतो."

"आमच्याकडेही एक आहेत तसे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी आतल्या खोलीकडे मान उडवली. आई हसली. बबडीला हसू आलं नाही. तिचा हिशोब पुढे गेला होता. सुई मांजराच्या पोटात नाही, म्हणजे ती एकाच ठिकाणी असणार.

परतताना आई रस्ताभर बोलत होती. सुटल्यासारखं झालं की तिला राग यायचा, तसा आला होता. "मांजर वाचलं हे नशीब समज. पण धांदरटपणाला काही सीमा? दिवसभर मी ओवून देतेय, तुला नुसतं शिवायचं होतं. एक सुई सांभाळता येत नाही? उद्या त्या बाळाला टोचली असती तर कुणाच्या तोंडाला काळं लागलं असतं?"

बबडी टोपलीकडे बघत चालत होती. "हो आई," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने गोधडी टेबलावर घेतली, दिवा खाली ओढला आणि छोट्या कात्रीने पहिला टाका कापला. मग दुसरा. मुंग्यांची रांग मधोमध तुटली.

"सगळी उसवणार?" आईने विचारलं.

"वरचा थर पूर्ण काढल्याशिवाय कापूस चाचपता येणार नाही. मग सकाळपर्यंत परत जमेल तेवढी शिवेन."

"नर्सबाईंना सांग, पोस्टाने पाठवते म्हणून."

"मी शब्द दिलाय त्यांना." मग जरा थांबून, "तू नीघ आता. शेवटची बस चुकेल. तुझ्या गुडघ्याला त्रास होईल."

आईला राहायचं होतं. उसवायला दोन हात जास्त झाले असते. पण बबडी 'राहा' म्हणाली नाही आणि आईने विचारलं नाही. पिशवी घेऊन ती जिना उतरली. अंधाऱ्या जिन्यातही तिला वरून कात्रीचा आवाज येतोय असं वाटत होतं, बारीक, किच्, किच्.

बसमध्ये अर्ध्या वाटेवर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मांजराचा एक्स-रे निघतो, तर गोधडीचा का नाही निघणार? घडी घालून त्याच टेबलावर ठेवायची, सुई कुठे आहे ते दिसलं असतं, तेवढाच चौकोन उसवायचा! उशिरा सुचलेलं शहाणपण. दवाखाना एव्हाना बंद झाला असणार. ती स्वतःवर इतकी चिडली, की शेजारच्या बाईने पिशवी आवरून घेतली.

घरी बाबा तेल लावून, केस चप्प बसवून, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. आईने पिशवी खुर्चीवर आदळली आणि चहाचं आधण ठेवता ठेवता सगळी कहाणी सांगितली. सुई, चुंबक, पोपट, बटण. "आणि ही बाई आता अख्खी गोधडी उसवत बसलीय. एवढ्याशा सुईपायी! कधी शहाणी होणार ही?"

"अगं, तुझा स्वेटरही उसवतोय," बाबा म्हणाले.

"काय?"

"हे बघ ना, दोरा लोंबतोय." पिशवीतून स्वेटरची बाही बाहेर आली होती आणि तिच्यावरून एक लांब दोरा खाली लोंबत होता. बाबांनी तो बोटाला गुंडाळला.

"ओढू नका!" आई ओरडली. का ओरडली ते तिला ओरडल्यावर कळलं. स्वेटर राखाडी होता. दोरा निळा होता.

तिने स्वेटर उलगडला. डाव्या खांद्याशी, जाड लोकरीच्या विणीत, सुई आडवी टोचून ठेवलेली होती. अगदी नीट, वर-खाली दोन टाके घेऊन, पडू नये म्हणून. फोन वाजला तेव्हा हात मोकळा करायला आपण ती तिथे टोचली, हे आईला आता स्पष्ट आठवलं. स्वतःची सबंध हालचाल तिला दिसली.

तिने सोफ्याच्या फटी चाचपल्या होत्या. चटई झटकली होती. केरसुणी विंचरली होती. एका मांजराचं पोट तपासून झालं होतं. स्वतःची पिशवी तिने उघडली नव्हती. उघडावी असं मनातही आलं नव्हतं.

बाबांनी सुईकडे बघितलं, मग आईकडे. संसार जुना होता. ते कोड्याकडे वळत हळूच म्हणाले, "त्यात काय एवढं? उद्या पहाटेच्या बसने जा. सोफ्याच्या फटीत टाक आणि म्हण, सापडली बाई एकदाची! कुणाला कळणार आहे?"

आईने खरंच विचार केला. सोफा डोळ्यांसमोर आणला, फट आणली, आपला आनंदलेला आवाज आणला. आणि मग बबडी काय म्हणेल तेही तिला ऐकू आलं.

"ती म्हणेल, तिथे मी शोधलं होतं, पण नीट बघितलं नसेल."

बाबांचं पेन थांबलं.

"म्हणेल, आई, माझ्यामुळे तुला एवढी पायपीट झाली," आई म्हणाली. "आणि मी ते म्हणू देईन. त्या काचेच्या वेळीही मी बाईंना जाब विचारायला शाळेत गेले नव्हते. घरी तिलाच म्हणाले होते, खिडक्या जपून लावाव्यात."

आधण उतू गेलं. बाबांनी उठून गॅस बंद केला.

तिकडे कात्री चालू असणार. एव्हाना निळ्या चौकोनांची अर्धी तरी ओळ सुटली असेल, कापूस वर आला असेल, आणि मान तशीच खाली असेल. एकेक मिनिट म्हणजे मुंग्यांची एकेक रांग होती.

आईने चष्मा लावला. फोन हातात घेतला.

"सकाळी सांग ना निवांत," बाबा म्हणाले. "आत्ता दमली असेल. चिडली तर?"

"चिडू दे."

"ओरडली तर?"

"ओरडली तर मी ऐकून घेईन. माझ्यावर ओरडायला सुरुवात केली, तरी पुष्कळ झालं."

तिने स्वेटरमधून सुई काढली. टेबलावर ठेवायला गेली, थांबली. मग बाबांचा हात उलटा करून त्यांच्या चिमटीत दिली.

"ही धरा. कुठे ठेवू नका, कशात टोचू नका. नुसती धरून बसा," ती म्हणाली आणि तिने बबडीचा नंबर लावला.